मेंदूवर काम करणाऱ्या वनस्पती घेताना या चुका टाळा

झोप येत नाही, जीव घाबरा होतो, वाचलेलं लक्षात राहत नाही, म्हणून अश्वगंधा किंवा ब्राह्मी सुरू केली जाते. झाडपाल्याचंच आहे, गुण नाही आला तरी अपाय नाही, हा भरवसा म्हणजे पहिली चूक. सर्पगंधेच्या मुळातून १९५२ साली रेसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं गेलं. ते चेतापेशींतला सेरोटोनिन, डोपामिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनांचा साठा रिता करतं. रक्तदाब उतरायचा, खवळलेला रुग्ण शांत व्हायचा. काही जण मात्र नैराश्यात गेल्याच्याही नोंदी आहेत.

सगळ्यात महागात पडते ती लपवाछपवी. डॉक्टर रागावतील म्हणून चूर्णाचं नावच काढायचं नाही! सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती सौम्य नैराश्यात उपयोगी पडते असं चाचण्यांत दिसलं आहे. पण नैराश्यावरच्या, सेरोटोनिन वाढवणाऱ्या एसएसआरआय गोळ्यांबरोबर ती घेतली, तर सेरोटोनिन बेसुमार वाढू शकतं. थरथर, घाम, ताप, धडधड आणि डोक्यात गोंधळ अशी लक्षणं दिसली, तर थेट रुग्णालय गाठा. शिवाय ही वनस्पती यकृतातल्या औषधं मोडणाऱ्या एन्झाइमांना जोर आणते. त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ ठेवणारं वॉर्फरिन, अवयव प्रत्यारोपणानंतर घ्यायचं सायक्लोस्पोरिन यांचा शरीरातून लवकर निचरा होतो आणि असर कमी पडतो. ती बंद केल्यावरही हा परिणाम साधारण दोन आठवडे रेंगाळतो, म्हणून बंद केल्याचंही डॉक्टरांना सांगायला हवं.

उलट चूकही होते: चूर्ण सुरू केलं म्हणून मनोविकाराच्या चालू गोळ्या परस्पर सोडून देणं. तसं करू नका.

अश्वगंधेनं झोप सुधारण्याऐवजी उडाली, चिडचिड आणि धडधड वाढली, तर बरेच जण मात्रा वाढवतात. आधी ती थांबवा आणि थायरॉइडची तपासणी करून घ्या. अश्वगंधेमुळे थायरॉइडचं संप्रेरक वाढू शकतं, आणि ते वाढल्याची लक्षणं हुबेहूब चिंतेसारखीच असतात. झोपेच्या गोळीसोबत किंवा दारूसोबत घेतली, तर गुंगी वाढते ती वेगळीच. डोळे पिवळे किंवा लघवी गडद दिसली, तर यकृताची तपासणी लांबवू नका.

ब्राह्मीच्या बाबतीत घाई नडते. स्मरणशक्तीवरच्या अनेक चाचण्या १२ आठवड्यांच्या आहेत, त्यामुळे परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ती सुरू करण्यात अर्थ नाही. मळमळ होत असेल तर जेवणानंतर घेऊन पाहा.

पाच-सहा वनस्पतींचं मिश्रण एकदम सुरू केलं, तर त्रास कशानं झाला ते कळायला मार्ग उरत नाही. एका वेळी एकच घ्या, आणि तारीख, मात्रा, झोप, मूड लिहून ठेवा.

धोतऱ्याच्या वाटेला घरच्या घरी जाऊच नका. त्यातल्या अॅट्रोपिन आणि स्कोपोलामिनमुळे तोंड कोरडं पडतं, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, नसलेली माणसं दिसू लागतात. असा रुग्ण दिसला तर उलटी करवत बसू नका. लगेच रुग्णालयात न्या, आणि खाल्लेलं बी-पान किंवा औषधाचं पाकीट सोबत घ्या.