कोकम गोझे कशी चाखावी

लोअर परळच्या एका टॅपरूममध्ये पहिल्यांदा कोकम गोझे, म्हणजे कोकम घातलेली आंबट-खारट बिअर, मागवली आणि अर्धा ग्लास एका दमात रिकामा केला. उन्हातून आलो होतो, दुसरं काय. चव कळलीच नाही.

आता छोटा ग्लास घेतो आणि पाच मिनिटं तसाच ठेवतो. बर्फागार बिअरला वास येत नाही. 8-10 अंशांवर आली की नाक घालायचं. गोझे मूळची जर्मनीतल्या गोस्लारची, पुढे लाइपझिगने सांभाळलेली. त्यात गहू, मीठ, धणे. आंबटपणा लॅक्टोबॅसिलस जिवाणूंचा, म्हणजे आपल्या दह्याच्याच भावकीतला. पहिला घोट जिभेवर घोळवा, गिळून नाकाने श्वास सोडा. कोकम तिथे सापडतं, अगदी शेवटी, आगळाची बाटली उघडल्यासारखं. मीठ जाणवावं, पण चौपाटीचं पाणी तोंडात गेल्यासारखं नको.

गुण मी बीजेसीपीच्या (बिअर स्पर्धांचे परीक्षक घडवणारी संस्था) पद्धतीने 50 पैकी देतो: वास 12, रूप 3, चव 20, तोंडातला पोत 5, एकूण मत 10. गुलाबी रंगावर भाळू नका, त्याला तीनातलेच मिळणार.

आणि चकणा नंतर. मसाला शेंगदाण्यांतल्या कांदा-लिंबापुढे बिचारे धणे काय टिकणार!