लांबलचक डच शब्द दिसला की आधी सांधे शोधा

नेदरलँड्सला नवीन आलात की घरात पत्रं येऊन पडायला लागतात, नगरपालिकेचं, विम्याचं, बँकेचं, आणि त्यातले शब्द बघून धडकीच भरते. नमुना बघा, आर्बेइत्सओन्खस्खिक्तहेइत्सफरझेकरिंग. डच स्पेलिंगमध्ये सलग ३३ अक्षरं, मध्ये जागा सोडायची पद्धतच नाही. अर्थ साधाच, काम करण्याची क्षमता गेली तर पैसे देणारा विमा.

हे डावीकडून एकेक अक्षर लावत वाचायला गेलात तर अर्ध्यात दम लागतो, त्यापेक्षा मागून या. फरझेकरिंग म्हणजे विमा, हा शब्द इथे पदोपदी भेटतो. तो बाजूला काढला की उरतं आर्बेइत म्हणजे काम, आणि ओन्खस्खिक्तहेइत म्हणजे अक्षमता. मधले दोन 'स' नुसते जोडकामाचे, ते आधीच्या तुकड्याला चिकटवूनच म्हणायचे. पण प्रत्येक स असा नसतो हां! क्वार्त-स्लाखन म्हणजे पाव-पाव फेरे आणि क्वार्त्स-लाखन म्हणजे क्वार्ट्झचे थर, लिहिताना दोन्ही अगदी सेम, त्यामुळे तिथे संदर्भच बघावा लागतो.

काही ठिकाणी जोडायला 'एन' असतो, उदा. पान्ननकूक म्हणजे पॅनकेक. १९९५ च्या स्पेलिंग सुधारणेत त्यात 'न' हे अक्षर घातलं, पण बहुतेक लोक बोलताना अजूनही पान्नकूकच म्हणतात.

आता जोर. आपण मराठी माणसं सगळी अक्षरं एकाच वजनाने म्हणत जातो आणि मग समोरचा डच माणूस गोंधळतो, कारण तो जोरावरून शब्द पकडतो. साधारणपणे पहिल्या तुकड्यावर दणकून जोर, बाकीचे हलके, म्हणजे हेल्थ इन्शुरन्सच्या झोर्खफरझेकरिंगमध्ये जोर झोर्खवर (झ झाडातला). अपवाद आहेतच, बूरनकोल या हिवाळी भाजीत जोर शेवटच्या कोलवर जातो.

आपल्याला फुकटात मिळालेल्या गोष्टी पण आहेत. फर, ख, अन असल्या बिनजोराच्या तुकड्यांतला स्वर जवळपास आपला 'अ'च, म्हणून स्पेलिंगमध्ये ई दिसला म्हणून फेर, खे करू नका. प, त, क पण इंग्रजीसारखे हवा सोडत नाहीत, सरळ मराठी ठेवा. शेवटी डी लिहिला असेल तर त ऐकू येतो, होंत म्हणजे कुत्रा.

प्रॅक्टिसला पण मागूनच चढा, आधी फरझेकरिंग, मग ओन्खस्खिक्तहेइत्स-फरझेकरिंग, ते तोंडात बसलं की पुढे आर्बेइत्स लावा. शब्द कुठे तुटतो हे बघायला ख्रून बुक्य या अधिकृत शब्दयादीची ऑनलाइन आवृत्ती आहे, फुकट आहे.