मुंबईतील द्राक्षवेल केवडा आणि भुरीपासून कशी वाचवावी

नाशिक-सांगलीच्या कोरड्या हवेत वाढणारी द्राक्षवेल मुंबईच्या गच्चीत किंवा गॅलरीत लावली, की तिला सर्वाधिक त्रास होतो तो केवडा आणि भुरी या रोगांचा. केवड्याला पानावर साचलेले पाणी लागते, म्हणून तो पावसाळ्यात फोफावतो. भुरीला पान ओले असण्याची गरज नसते, दमट हवा आणि दाट सावली तिला पुरते. म्हणूनच औषधाआधी वेलीची मांडणी पाहावी, असे माझे ठाम मत आहे.

कुंडी भिंतीपासून फूटभर पुढे, सकाळचे ऊन येईल अशा जागी ठेवावी. वेल ग्रिलवर गुंडाळू न देता तारेवर पसरवावी आणि बगलफुटी, म्हणजे पानांच्या बगलेतून येणारे कोंब, वेळच्या वेळी खुडाव्यात. पाणी सकाळी, थेट मुळाशी द्यावे. संध्याकाळी पानांवर पाणी मारल्यास ती रात्रभर ओली राहतात. फळछाटणी पाऊस पूर्ण थांबल्यावरच, म्हणजे साधारण ऑक्टोबरच्या मध्यानंतर करावी, कारण परतीच्या पावसात सापडलेली कोवळी फूट केवड्याला लगेच बळी पडते.

आठवड्यातून दोनदा पाने उलटून पाहावीत. वरच्या बाजूस तेल सांडल्यासारखा पिवळसर डाग आणि नेमका त्याच्याच खाली पांढरी बुरशी दिसली, तर तो केवडा समजावा. भुरीत राख भुरभुरल्यासारखा थर पानाच्या वरच्या बाजूवर, कोवळ्या फुटीवर आणि मण्यांवर येतो, व तसे मणी पुढे तडकतात. रोगट पाने तोडून पिशवीत बांधून टाकावीत. कुंडीतील खतात ती मुळीच मिसळू नयेत, कारण केवड्याचे बीजाणू गळलेल्या पानांत टिकून राहतात.

केवड्यासाठी बोर्डो मिश्रण अजूनही भरवशाचे आहे. 1885 च्या सुमारास फ्रान्समधील बोर्डो परिसरात वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्डे यांनी त्याचा उपयोग दाखवून दिला. एक टक्का मिश्रणासाठी 10 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्धा लिटर पाण्यात आणि 10 ग्रॅम कळीचा चुना उरलेल्या अर्ध्या लिटरमध्ये, प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवावा, आणि मग ढवळत ढवळत मोरचुदाचे पाणी चुन्यात ओतावे. चकचकीत लोखंडी सुरी त्यात थोडा वेळ बुडवल्यावर पात्यावर तांबूस थर आला, तर चुना कमी पडला आहे असे समजून आणखी घालावा, अन्यथा पाने करपतात. मिश्रण त्याच दिवशी वापरावे. छाटणीनंतर उघड्या काड्यांवर एक टक्का चालते, कोवळ्या पानांवर मात्र अर्धा टक्काच फवारावे.

भुरीसाठी पाण्यात मिसळणारे 80 टक्के गंधक लिटरला 2 ग्रॅम पुरते. ऑक्टोबरच्या उन्हात, तापमान 32 अंशांच्या वर असताना, गंधकाने पाने भाजतात, म्हणून फवारणी सकाळी लवकर करावी. हातमोजे आणि मास्क घालावा, आणि शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडे आधी काढून घ्यायला सांगावेत. मणी पिकू लागले, की दोन्ही फवारण्या थांबवून केवळ घडाभोवतीची पाने विरळ करावीत.