तोल जातोय? आधी या चुका टाळा

चालताना एक-दोनदा तोल गेला की बरेच जण ‘आता वय झालं’ म्हणून हिंडणं-फिरणंच कमी करतात. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. भीतीपोटी हालचाल घटते, पायातली ताकद जाते आणि पडण्याचा धोका उलट वाढतो. तोल सरावाने सुधारतो, अगदी सत्तरी-ऐंशीतही.

दुसरी चूक म्हणजे नेमकं काय बिघडलंय हे न पाहता व्यायाम सुरू करणं. तोल सांभाळायला मेंदूला तीन ठिकाणांहून माहिती लागते: डोळे, आतला कान आणि तळपाय-घोट्यांतल्या संवेदना. रात्री दिवा न लावता उठल्यावरच झोकांडी जाते? मग बहुधा डोळ्यांवरच सगळी भिस्त आहे आणि बाकीचे दोघे कमी पडताहेत. त्यात तळपाय बधिर वाटत असतील, तर साखर आणि बी-१२ तपासून घ्या. कूस बदलताना किंवा वर पाहताना काही सेकंद सगळं गरगरत असेल, तर आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागचे हललेले असू शकतात. अशा वेळी पायांचे व्यायाम करत बसू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञ डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते कण जागेवर आणतात आणि अनेकांना एक-दोन वेळांतच आराम पडतो. उठून उभं राहिल्यावर अंधारी येत असेल, तर झोपून आणि उभं राहून रक्तदाब मोजा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला तर डॉक्टरांना सांगा. झोपेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांमुळेही असं होतं, पण त्या मनाने बंद करू नका.

आता सरावाबद्दल. व्हिडिओ पाहून पहिल्याच दिवशी डोळे मिटून एका पायावर उभं राहणं, तेही उशीवर, कृपा करून टाळा. खोलीच्या कोपऱ्याकडे पाठ करून उभे राहा आणि पुढ्यात जड खुर्ची ठेवा. आधी पावलं जोडून, मग एक पाऊल अर्धं पुढे, मग एकापुढे एक सरळ रेषेत, शेवटी एका पायावर. एक पायरी १० सेकंद सहज जमली की पुढची. खुर्ची घट्ट धरून ठेवलीत तर सगळं काम हातच करतील. बोटं नुसती टेकवा, हळूहळू तीही उचला. थोडं डगमगायलाच हवं, शिकणं तिथेच होतं.

नुसतं चालणं पुरत नाही. हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं आणि टाचा उचलणं यांनी ताकद येते. ६५ वर्षांवरच्यांनी आठवड्यातून किमान ३ दिवस तोल आणि ताकद या दोन्हींचा व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिशी-चाळिशीतच सुरुवात केली तर उत्तमच.

सैल, मऊ सपाता टाळा. पातळ, टणक तळव्याची, टाचेला घट्ट बसणारी चप्पल किंवा बूट बरे. जवळचं-लांबचं एकाच भिंगातून दाखवणाऱ्या चष्म्यात जिन्याची पायरी धूसर दिसते, तेव्हा उतरताना कठडा धराच.

आणि तोल अचानक गेला, सोबत बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं किंवा एकाची दोन दिसू लागली, तर वाट पाहू नका. तो पक्षाघात असू शकतो. लगेच रुग्णालय गाठा.