वादळाआधी विजेच्या लाईनच्या स्टोअरमध्ये काय काय पाहिजे (किनाऱ्यावरच्या सेक्शनसाठी)

मे उजाडला की पहिलं काम म्हणजे स्टोअरची चावी घेऊन स्वतः आत जायचं, रजिस्टर बघून गप्प बसायचं नाही, कारण रजिस्टरात पिन इन्सुलेटर (तार पोलला टेकू न देणारे) भरपूर दिसतात आणि खोकं उघडलं की निम्म्यांना तडे. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरला धडकलं तेव्हा वारा ताशी 110-120 किमी होता, सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या आणि त्यांच्याबरोबर लाईनीपण, एखाद-दुसरा पोल नाही, सलग गाळेच्या गाळे (गाळा म्हणजे दोन पोलमधली लाईन). त्यामुळे "गेल्या पावसाळ्यात किती माल लागला" यावरून साठा ठरवू नका, फांदी पडून तार तुटणं वेगळं आणि हे वेगळं.

पोलचा हिशोब सगळेच करतात, एलटीला (घरांना जाणारी कमी दाबाची लाईन) 8 मीटर, 11 केव्हीला (ट्रान्सफॉर्मरपर्यंत येणारी उच्च दाबाची) 9 मीटर, पण पोलचा साधारण सहावा हिस्सा जमिनीत जातो आणि आपल्याकडे खाली जांभा, नुसत्या पहारीने दिवसभरात किती खड्डे होणार, म्हणून ब्रेकर बघून ठेवा. वाडीच्या बोळात हायड्रा (क्रेन) शिरत नाही, तिथे दोर आणि माणसंच.

खरं काम अडतं ते बारक्या सामानावर. तार बऱ्याचदा परत वापरता येते, तुटली तिथे जॉइंट मारला की झालं, पण पोल पडताना क्रॉसआर्म (पोलवरचा आडवा हात) वाकतो, इन्सुलेटर फुटतो, क्लॅम्प उडतो, आणि पोल उभा करून माणसं नट-बोल्टची वाट बघत बसलेली मी पाहिलीत. त्यामुळे व्ही क्रॉसआर्म, टॉप फिटिंग, पिन आणि डिस्क इन्सुलेटर, स्टे सेट (पोलला ताण द्यायची तार आणि तिचं सामान), जॉइंट स्लीव्ह, फ्यूज वायर हे सगळं एका पोलला लागेल तेवढं एका गोणीत भरा, वर खडूने 11 केव्ही की एलटी ते लिहा, दुरुस्तीची गँग आली की गोणी उचलून चालू पडेल. खाऱ्या हवेत बोल्ट वर्षभरात जाम होतात, ग्रीस लावून ठेवा.

डीपीसाठी (वस्तीला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर बसवतात ती जागा) 63 आणि 100 केव्हीएचे ट्रान्सफॉर्मर, ऑइलची लेव्हल बघून, ब्रीदरमधलं (ट्रान्सफॉर्मर जिथून हवा घेतो ती डबी) सिलिका जेल निळं पाहिजे, गुलाबी असेल तर ओल शिरलीय.

सगळा माल एका जागी ठेवू नका. झाडं पडली की म्हसळ्याकडून रस्ता बंद, दिघी-आगरदांडा फेरीपण बंद, मग मुरूडच्या गोडाऊनमधला पोल श्रीवर्धनकराला काय कामाचा! खाडीच्या दोन्ही बाजूंना वाटून ठेवा.

चेनसॉ, जादा चेन, पेट्रोल आणि टूटी ऑइल. डिझेल आधी भरा, लाईट नसली की पंपच चालत नाही, एटीएमपण नाही, आणि जेसीबीवाला रोख मागतो. मोबाईल टॉवर झोपतो म्हणून वॉकीटॉकी, आणि फिडरचे (सबस्टेशनमधून निघणाऱ्या मुख्य लाईनचे) नकाशे कागदावर, प्लास्टिकमध्ये घालून, बाहेरून आलेल्या गँगला आपली गल्ली कुठून माहीत असणार.

आता हे मात्र विसरू नका: डिस्चार्ज रॉड आणि अर्थिंगची चेन (तारेतला करंट जमिनीत उतरवायला) प्रत्येक गँगला स्वतंत्र, हँडग्लोव्हज फाटके नकोत, फुगवून बघा. लाईन बंद आहे म्हणून हात घालायचा नाही, कुणीतरी घरी जनरेटर चालू केलेला असतो, मेन स्विच पाडलेला नसतो, आणि उलटा करंट डीपीतून थेट 11 केव्हीवर चढतो. गँग पाचच माणसांची असली तरी परमिट (लाईन बंद केल्याची लेखी परवानगी) घेतल्याशिवाय पोलवर कुणी चढणार नाही.

भिंतीवर एक कागद लावा, आधी दवाखाना, मग पाणीपुरवठ्याचा पंप, मग टॉवर, नाहीतर पहिल्या दिवशी जो जास्त ओरडतो त्याचा डीपी चालू होतो.

राहिलं बाहेरच्या गँगचं. शाळेची खोली, सतरंज्या, तांदूळ, गॅस, ओआरएस, टॉर्चचे सेल. आणि त्यांच्या चहा-साखरेचं बिल कुठल्या हेडला टाकायचं ते मेमध्येच विचारून ठेवा, जूनमध्ये कुणी फोन उचलत नाही.