दुबईतील घरासाठी भारतातून पैसे कसे पाठवावेत

पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत शनिवार-रविवारी भरणाऱ्या मालमत्ता प्रदर्शनांत दुबईचा फ्लॅट तासाभरात ‘बुक’ होतो. त्याचे पैसे तिथे कायदेशीर मार्गाने पोहोचवण्यासाठी मात्र काही आठवड्यांची तयारी लागते, आणि ती इसाराची रक्कम देण्याआधी झालेली असली पाहिजे. पुढील माहिती भारतात राहणाऱ्या, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्यानुसार (‘फेमा’) ‘निवासी’ ठरणाऱ्या, व्यक्तींसाठी आहे. अनिवासी भारतीयांचे एनआरई आणि एनआरओ खात्यांचे नियम वेगळे आहेत.

निवासी व्यक्तीला परदेशात घर घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेची उदारीकृत प्रेषण योजना, म्हणजे बँकेच्या भाषेत ‘एलआरएस’, हाच प्रमुख मार्ग आहे. २००४ मध्ये ही योजना सुरू झाली तेव्हा मर्यादा २५,००० डॉलरची होती. आज प्रत्येक व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर पाठवता येतात. मुलाचे परदेशातील शिक्षण, सहल, परदेशी शेअर असे सर्व खर्च याच मर्यादेत मोजले जातात, त्यामुळे चालू वर्षात आधी काय पाठवले आहे त्याचा हिशेब प्रथम मांडावा. मर्यादा प्रत्येक बँकेसाठी वेगळी नसून पॅनवर एकच असते, म्हणून दोन बँकांत खाती असल्याने काहीच साधत नाही.

एका व्यक्तीच्या मर्यादेत घर बसत नसेल तर कुटुंबातील सदस्यांच्या मर्यादा एकत्र करता येतात. परंतु मालमत्तेच्या खरेदीत पैसे पाठवणारी प्रत्येक व्यक्ती त्या घराची सहमालक असली पाहिजे. घर फक्त पतीच्या नावावर आणि निम्मे पैसे पत्नीच्या मर्यादेतून, अशी रचना चालत नाही. म्हणूनच घर कोणाकोणाच्या नावावर घ्यायचे हा निर्णय साठेखताच्या आधी घ्यावा लागतो. सही झाल्यानंतर नाव वाढवण्याला तिथे खर्च येतो, वेळही जातो. पतीने पत्नीला भारतातच रुपयांत बक्षीस द्यावे आणि तिने स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या पॅनवर पैसे पाठवावेत, हे करता येते; मात्र त्या बक्षिसातून घेतलेल्या हिश्शाचे भाडे प्राप्तिकरासाठी पतीच्याच उत्पन्नात मिळवले जाते, हे आधीच माहीत असावे.

येथे एक हिशेब सांगण्यासारखा आहे. दुबईच्या ‘गोल्डन व्हिसा’साठी, म्हणजे दीर्घ मुदतीच्या निवास परवान्यासाठी, किमान २० लाख दिरहमची मालमत्ता लागते. दिरहमचा डॉलरशी भाव ३.६७२५ वर बांधलेला असल्याने ही रक्कम सुमारे ५,४४,६०० डॉलर होते, आणि पती-पत्नीची मिळून वार्षिक मर्यादा आहे ५ लाख डॉलर. म्हणजे व्हिसाच्या आशेने घर घेणाऱ्या जोडप्याला एका आर्थिक वर्षात पूर्ण किंमत पाठवताच येत नाही; त्यांना मार्च आणि एप्रिल अशा दोन वर्षांत हप्ते विभागावे लागतात, किंवा तिसरा सहमालक घ्यावा लागतो. शिवाय दुबई भूमी विभागाचे ४ टक्के नोंदणी शुल्क आणि असल्यास दलाली, या रकमाही पाठवायच्याच असतात.

पाठवायचा पैसा स्वतःचा असावा लागतो. परदेशात गुंतवणुकीसाठी पैसे पाठवता यावेत म्हणून बँकेने कर्ज देण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. इथल्या घरावर वाढीव कर्ज काढून तिथले घर घेण्याची कल्पना म्हणूनच सोडून द्यावी. प्रदर्शनात क्रेडिट कार्डाने इसार भरण्याचा आग्रह होतो, तोही टाळावा, कारण कार्डावरची रक्कम म्हणजे उधारीच आहे आणि तिच्यामागे एलआरएसचा अर्ज नसतो. ताबा मिळाल्यानंतर अनेक वर्षे हप्ते भरत राहण्याच्या योजना आकर्षक दिसतात; माझ्या मते फेमा जाणणाऱ्या सनदी लेखापालाचे लेखी मत घेतल्याशिवाय त्यांवर सही करू नये, कारण तो व्यवहार परदेशात घेतलेल्या कर्जासारखा दिसू लागतो.

आता सर्वांत जास्त लोकांना बेसावध गाठणारी गोष्ट, ती म्हणजे टीसीएस, पैसे पाठवतानाच बँक आगाऊ वसूल करते तो प्राप्तिकर. एका आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपर्यंतच्या रकमेवर तो लागत नाही. मालमत्तेसाठी त्यापुढे पाठवलेल्या प्रत्येक रुपयावर बँक २० टक्के वसूल करते. डॉलर ९० रुपये धरला, तर २,५०,००० डॉलरचे २ कोटी २५ लाख रुपये होतात आणि त्यावर टीसीएस होतो ४३ लाख. ही रक्कम पाठवायच्या पैशातून वजा होत नाही, ती वेगळी खात्यात असावी लागते. हा जादा कर नाही. तो तुमच्या पॅनवर जमा दिसतो आणि विवरणपत्रात वळता होतो किंवा परत मिळतो. तोपर्यंत मात्र पैसा अडकतो, आणि किती काळ अडकतो हे तारखेवर ठरते. मार्चमध्ये पाठवलेल्या रकमेचा टीसीएस काही महिन्यांत भरायच्या विवरणपत्रात मागता येतो. एप्रिलमध्ये पाठवली तर सव्वा वर्ष वाट पाहावी लागू शकते. अशा वेळी आगाऊ कराचे हप्ते टीसीएस धरूनच भरावेत, आणि नोकरदारांनी मालकाला कळवून पगारातील कपात कमी करून घ्यावी. पत्नीच्या पॅनवर टीसीएस कापला गेला आणि तिला स्वतःचे उत्पन्न नसले, तरी परतावा मिळवण्यासाठी विवरणपत्र तिलाच भरावे लागते.

प्रत्यक्ष बँकेत जाताना पॅन, साठेखत किंवा आरक्षणाचा अर्ज, विक्रेत्याचे मागणीपत्र आणि पैशाच्या स्रोताचे कागद बरोबर असावेत. खाते त्या बँकेत किमान एक वर्षाचे असावे अशी अपेक्षा असते. नवे असेल तर आधीच्या बँकेचे वर्षभराचे विवरण मागितले जाते. ‘फॉर्म ए-२’ हा परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज आणि त्यासोबतचे घोषणापत्र भरताना हेतूचा सांकेतांक ‘एस ०००५’, म्हणजे परदेशातील स्थावर मालमत्तेत गुंतवणूक, हाच लिहावा. घाईत कर्मचारी ‘कुटुंबाचा निर्वाह’ किंवा ‘भेट’ असे काही सुचवतात, ते ऐकू नये. पुढे घर विकताना हाच कागद तुमचा पुरावा असतो.

शुल्कापेक्षा विनिमय दराकडे अधिक लक्ष द्यावे. चलनबदलावरचा जीएसटी वरील उदाहरणात पाच हजारांच्याही आत राहतो, परंतु डॉलरमागे ५० पैसे जादा लावले गेले तर २,५०,००० डॉलरवर सव्वा लाख रुपये जातात. शाखेत सांगितलेला दर अंतिम समजू नये. एवढ्या रकमेसाठी परकीय चलन विभागाशी बोलून त्या क्षणाचा दर ठरवून घेता येतो. दिरहममध्येच पाठवावे की डॉलरमध्ये, हे दोन्ही दर विचारून ठरवावे, कारण डॉलर पाठवल्यास तिकडची बँक दिरहम करताना ३.६७२५ पेक्षा कमी देऊ शकते. मधल्या बँकांचे शुल्क पाठवणाऱ्याने भरण्याचा पर्याय निवडावा, नाहीतर हप्ता थोडक्यासाठी अपुरा ठरतो.

बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पाचे पैसे दुबईच्या २००७ च्या ८ क्रमांकाच्या कायद्यानुसार त्या प्रकल्पाच्या एस्क्रो खात्यातच, म्हणजे फक्त त्या प्रकल्पासाठी राखलेल्या खात्यातच, जमा व्हायला हवेत. बिल्डरच्या चालू खात्यात किंवा दलालाच्या नावे ते कधीही पाठवू नयेत. प्रकल्पाची नोंदणी भूमी विभागाच्या ‘दुबई रेस्ट’ ॲपवर तपासावी, आणि आयबॅन, म्हणजे २३ अक्षरांचा आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, स्वतः मिळवलेल्या फोन नंबरवर बोलून पडताळावा. ‘आमचे खाते बदलले आहे’ असा ईमेल आला तर तो खोटा आहे असे धरूनच चालावे. पैसे गेले की बँकेने पाठवलेल्या स्विफ्ट संदेशाची प्रत आणि बिल्डरची पावती, दोन्ही जपून ठेवाव्यात.

‘इथे रुपये द्या, तिथे दिरहम मिळतील’ हा हवालाचा बेकायदा मार्ग सुचवणारे कोणीतरी भेटतेच. फेमाखाली दंड रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो, आणि कलम ३७अ नुसार तेवढ्या किमतीची भारतातील मालमत्ताही जप्त होऊ शकते.

व्यवहार रद्द झाला किंवा पैसे उरले, तर १८० दिवसांत ते भारतात परत आणावे लागतात, अन्यथा नियमांनुसार पुन्हा गुंतवावे लागतात. घर झाल्यावर विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात ते दरवर्षी दाखवावे, मग भाडे येत असो वा नसो. आयटीआर-१ हा सोपा फॉर्म अशा व्यक्तीला वापरता येत नाही. ही माहिती दडवल्यास काळ्या पैशाविरुद्धच्या २०१५ च्या कायद्यात १० लाख रुपयांचा दंड आहे, आणि लहान परदेशी गुंतवणुकींना मिळालेली २० लाखांची सूट स्थावर मालमत्तेला लागू नाही. हे परिशिष्ट आर्थिक वर्षाचे नसून ३१ डिसेंबरला संपणाऱ्या वर्षाचे असते, त्यामुळे फेब्रुवारीत घेतलेले घर त्या मार्चअखेरच्या विवरणपत्रात नव्हे, तर पुढच्या वर्षीच्या विवरणपत्रात येते.