लिनक्स अपडेटचं रिलीज सांभाळायचंय? आधी फ्रीझ ठरवा, तारीख नंतर

तर समजा तुमच्या टीमचं स्वतःचं छोटं डिस्ट्रो (लिनक्सची तयार, वापरायला देता येणारी आवृत्ती) आहे, किंवा डेबियन या जुन्या डिस्ट्रोवर उभी केलेली कंपनीची आपली एक इमेज (मशीनवर जशीच्या तशी चढवायची तयार सिस्टिम) आहे, आणि पुढचं व्हर्जन बाहेर काढायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय. बहुतेक जण आधी रिलीजची तारीख जाहीर करून टाकतात आणि मग सगळ्यांना तिच्यामागे पळवतात. उलटं करा. कोणते बदल कधी बंद करायचे, म्हणजे फ्रीझ, ते आधी ठरवा, रिलीजची तारीख त्यातून निघते, आणि नाही निघाली तरी घोडं नेमकं कुठे अडलंय ते निदान दिसतं.

डेबियन १२ चं कॅलेंडर बघा. २०२३ च्या जानेवारीत ट्रान्झिशन फ्रीझ, म्हणजे मोठ्या लायब्रऱ्यांची (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात तो कोड) उलथापालथ बंद, कारण एक लायब्ररी हलली की तिच्यावर अवलंबून असलेली सगळी पॅकेजं पुन्हा बिल्ड करावी लागतात. फेब्रुवारीत सॉफ्ट फ्रीझ, नवीन पॅकेजं आत येणं बंद, फक्त छोटे नेमके फिक्स. मार्चमध्ये हार्ड फ्रीझ, महत्त्वाच्या पॅकेजला हात लावायचा तर रिलीज टीमला विचारा. मे संपताना फुल फ्रीझ, आणि १० जूनला रिलीज. तुमच्याकडे पाच महिने नसतील, पाच आठवडे असतील, चालेल, पण क्रम हाच ठेवा: ज्याचा पसारा जास्त ते आधी गोठवायचं. टूलचेन (कंपायलर वगैरे बिल्डची साधनं) आणि लायब्रऱ्या सगळ्यात आधी, वॉलपेपर शेवटी (वॉलपेपरवरच सगळ्यात जास्त वाद होतात ते वेगळं).

सिक्युअर बूट (सही असलेलाच कोड मशीन सुरू होताना चालू देणारी सोय) सपोर्ट करत असाल तर शिमचं, म्हणजे त्यासाठी सर्वात आधी चालणाऱ्या छोट्या सही केलेल्या प्रोग्रामचं, काम पहिल्या दिवशीच सुरू करा, त्याचा रिव्ह्यू आणि मायक्रोसॉफ्टची सही या दोन्ही गोष्टी तुमच्या हातात नाहीत.

मग ब्लॉकरची, म्हणजे रिलीज अडवणाऱ्या बगांची, यादी. कोणता बग असला तर रिलीज थांबणार हे बग सापडायच्या आधी लिहून ठेवा, नंतर लिहायला बसलात तर प्रत्येक जण आपापला बग ब्लॉकर आहे म्हणतो किंवा मॅनेजर कुठलाच नाही म्हणतो. फेडोरा या डिस्ट्रोत रिलीज क्रायटेरिया (रिलीजसाठी काय चालायलाच हवं त्या अटी) आधीच लिहिलेले असतात आणि शेवटी गो, नो-गो मीटिंगमध्ये त्यावर बोट ठेवून निर्णय होतो. तुमची यादी पाच-सहा ओळींची असली तरी पुरे: बूट होत नाही, इन्स्टॉलरने भलतंच पार्टिशन (डिस्कचा भाग) पुसलं, जुन्या व्हर्जनवरून अपग्रेड अर्ध्यात अडकलं, नेटवर्क लागत नाही, अपडेट घेण्याची सोयच मोडली. शेवटचं विसरू नका, कारण ते मोडलं तर पुढचा फिक्सही त्या मशीनपर्यंत पोचवता येत नाही. आणि 'थांबा' म्हणायचा अधिकार कोणाचा ते नावानिशी लिहा.

कॅलेंडरमध्ये थोडी सैल जागा पण ठेवा. २०२४ मध्ये एक्सझेड या फाईल दाबून लहान करणाऱ्या टूलमध्ये मुद्दाम घातलेलं बॅकडोअर (चोरवाट) सापडलं तेव्हा उबुंटू या डिस्ट्रोने २४.०४ या व्हर्जनसाठी केलेले बिल्ड टाकून देऊन पुन्हा बिल्ड करायचं ठरवलं, बीटा ४ एप्रिलवरून ११ वर गेला, पण फायनल २५ एप्रिललाच आलं.

टेस्टिंगबद्दल एकच हट्ट: कोऱ्या मशीनवरचं इन्स्टॉल सगळेच तपासतात, तुम्ही अपग्रेड तपासा, तेही वापरून मळलेल्या मशीनवर. बूट पार्टिशन छोटं, त्यात जुने तीन-चार कर्नल (लिनक्सचा गाभा) पडलेले, नवीन कर्नल आला की इनिटरॅमएफएस (बूट होताना सुरुवातीला लागणारी छोटी फाईल-सिस्टिम) लिहिताना जागा संपते आणि पॅकेज अर्धवट कॉन्फिगर होऊन बसतं, हे व्हर्च्युअल मशीनच्या ताज्या इमेजवर कधीच दिसणार नाही. दुसरं म्हणजे कॉन्फिग फाईल. युजरने ती हाताने बदललेली असते, पॅकेजमध्येही ती बदललेली असते, मग डीपीकेजी (डेबियनचं पॅकेज बसवणारं टूल) थांबून विचारतं की तुमची ठेवू, नवी घेऊ, का फरक दाखवू, आणि समोर कोणी बसलेलंच नसेल तर अपग्रेड रात्रभर त्या प्रश्नावर अडून राहतं. रिमोट मशीनसाठी उत्तर आधीच ऑप्शनमधून द्या आणि ते काय असेल ते रिलीज नोट्समध्ये लिहा. रिलीज नोट्स फ्रीझच्या पहिल्या दिवसापासून लिहीत जा, शेवटच्या रात्री लिहिलेल्या नोट्समध्ये 'ज्ञात अडचणी' हा भाग हमखास रिकामा असतो.

आता पब्लिश करायचा दिवस. आधी सगळी पॅकेजं मिररवर (जिथून लोक डाउनलोड करतात ते प्रती ठेवणारे सर्व्हर) जाऊ द्या, इंडेक्स (पॅकेजांची यादी) आणि सही केलेली रिलीज फाईल सगळ्यात शेवटी. उलटं झालं तर इंडेक्समध्ये नाव आहे पण फाईल नाही असा प्रकार होतो, आणि लोकांना एरर दिसायला लागतात. आयएसओबरोबर (इन्स्टॉलची डिस्क-इमेज) चेकसम (फाईल नीट उतरली का ते तपासायचा आकडा) आणि त्या चेकसमच्या फाईलवर सही, आणि घोषणा मिरर भरल्यावरच, उत्साहाच्या भरात आधी नको.

आधीपासून वापरात असलेल्या मशीनना अपडेट एकदम देऊ नका. उबुंटूमध्ये नेहमीची अपडेट टप्प्याटप्प्याने जातात, मशीनच्या आयडीवरून ठरतं कोणाला आधी कोणाला नंतर, आणि क्रॅश रिपोर्ट वाढले की वाटप थांबतं. तुमच्याकडे एवढी यंत्रणा नसेल तर तीन ग्रुप पाडा: टीमची मशीन, मग थोडी खरी वापरातली, मग बाकी सगळी, आणि प्रत्येक ग्रुपमध्ये निदान एक रीबूट होऊ द्या, कारण कर्नलचं दुखणं रीबूटशिवाय कळत नाही. सिक्युरिटी फिक्सला मात्र असं रेंगाळत ठेवू नका, ते थेट द्यायचं.

आणि बिघडलं तर? इथे लोक 'मागे घेऊ' म्हणतात, पण पॅकेज एकदा मिररवर गेलं की ते कोणी ना कोणी घेतलेलंच असतं. डिसेंबर २०२३ मध्ये डेबियन १२.३ बाहेर पडत असतानाच कर्नल ६.१.६४ मध्ये ईएक्सटी४ या फाईल-सिस्टिमवरचा डेटा खराब करू शकणारा बग लक्षात आला, पॅकेजं मिररवर पोचायला लागली होती, मग इमेज थांबवल्या, लोकांना अपग्रेड करू नका असं सांगितलं आणि दुरुस्त कर्नल घालून १० डिसेंबरला १२.४ काढलं. १२.३ हा नंबर पुन्हा वापरला नाही. तेच करा, बाहेर गेलेला नंबर मेला असं समजा. डीपीकेजीच्या जगात डाउनग्रेडची खात्री कोणी देत नाही, म्हणून जुना कोड परत आणायचा असला तरी व्हर्जन वरचंच द्यावं लागतं, डेबियनवाले त्यासाठी '२.१+रिअली२.०' अशा धर्तीचं विचित्र व्हर्जन लावतात, दिसायला वेडंवाकडं पण काम होतं. ओएसट्री (अख्खी सिस्टिम एकसंध व्हर्जन म्हणून ठेवणारं टूल) किंवा दोन पार्टिशनवाली इमेज असेल तर तुम्ही सुखी, मशीन जुन्या डिप्लॉयमेंटवर, म्हणजे आधीच्या प्रतीवर, बूट होतं, फक्त स्लॅश व्हारमधला (/var, जिथे प्रोग्राम आपला डेटा ठेवतात) डेटा त्याबरोबर मागे येत नाही आणि नव्या व्हर्जनने डेटाबेसचा फॉरमॅट बदलला असेल तर जुना प्रोग्राम तो वाचायला नकार देतो, हेही आधी एकदा करून बघा.

रिलीज झालं की पुढच्या व्हर्जनची ब्रांच (कामाची वेगळी शाखा) लगेच उघडू नका, दोनेक दिवस सगळ्यांचं लक्ष बग रिपोर्टवरच राहू द्या. पहिल्या पॉइंट रिलीजची (१२.४ सारखी, साठलेल्या फिक्सची छोटी आवृत्ती) तारीख आणि जुन्या व्हर्जनचा सपोर्ट कधी संपणार ती तारीख, दोन्ही घोषणेतच टाका, नाहीतर पुढचा महिनाभर तेच दोन प्रश्न येत राहतील.